इंजिन बंद पडल्यावरचा वारा

पावसाळा सरून हवा कोरडी व्हायला लागली, की पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या आमच्या चौथ्या मजल्यावर एखाद्या सकाळी कापलेल्या भाताचा वास येतो. कुठून येतो ते मला अजून नीट सापडलेलं नाही. खिडकीतून इमारती दिसतात, त्यांच्यामागे आणखी इमारती आणि मधून मधून क्रेन. पण कुठंतरी पलीकडे कोणीतरी हट्टानं एखादं शेत राखलं असणार. थोडा ओल्या मातीचा, थोडा तापलेल्या पेंढ्याचा असा तो वास असतो. फार तर चहा संपेपर्यंत टिकतो.

यंदा त्या वासाला आवाजाची सोबत आहे. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून काही विमानं आमच्या बाजूनं उतरतात. सोसायटीत सगळ्यांची तक्रार आवाजाबद्दल आहे. माझं थोडं उलटं होतं. उतरताना वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो, तो भरीव आवाज एकदम पातळ होतो, आणि मागे हवा कापली जाण्याची सळसळ तेवढी उरते. त्या वेळी माझा हात थांबतो. हातात कप असेल तर कप, दाढीचं ब्लेड असेल तर ब्लेड. बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "उतरतंय ते. पडत नाहीये."

मला ते माहीत आहे. तरी हात थांबतो.

ऐन विशीत मी विमान चालवायला शिकलो होतो. मुंबईच्या एका छोट्या धावपट्टीवरून दोन माणसांची विमानं उडायची, त्यांवर. पुढे त्यातून नोकरी काही जमली नाही आणि मी बंदराच्या कामकाजाशी संबंधित एका कचेरीत लागलो, तिथंच आहे. पण त्या एका भातकापणीच्या दिवसांत माझ्या खिशात नवा परवाना होता आणि घरच्या प्रत्येकाला वर नेऊन आणायची मला घाई झाली होती. आई आली नाही. बाबा म्हणाले, जमिनीवरूनच बघतो. दादा आला.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बँकेत होता. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पनवेलात कधीकाळी आमची बरीच घरं होती, पुढे बहुतेक इस्राएलला गेली. दादा म्हणतो, आपल्यात माणसं दोन रीतींनी कमी होतात, एक मरून आणि दुसरी विमानात बसून. जी उरली त्यांत दादाचा आवाज सगळ्यांत चांगला. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा हज्जन आला नाही की लोक दादाकडे बघायचे, आणि दादा घसा न खाकरता सुरू करायचा. हे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या आवाजाचं आहे.

इंजिन बंद पडलं तेव्हा आम्ही पनवेलच्या खाडीवर होतो. मी त्याला आपली गल्ली दाखवत होतो, तो मान्य करत नव्हता की ती आपली गल्ली. आधी खडखड झाली, मग सगळं विमान थरथरलं, मग पुढचा पंखा नुसता वाऱ्यानं फिरत राहिला. धूर नाही, आग नाही. नंतर कळलं की आतली एक झडप तुटली होती. त्यात माझी चूक नव्हती, हे चौकशीत लिहून आलं आणि आईनं ते शेजारीपाजारी वाचून दाखवलं.

लोकांना वाटतं, इंजिन गेलं की विमान दगडासारखं खाली येतं. तसं नाही. ते घसरतं. घाटात पायडल न मारता सायकल उतरते, तसंच. हातात असलेली उंची थोडी थोडी खर्च करायची आणि तिच्या बदल्यात वेग घ्यायचा. त्यासाठी विमानाचं नाक खाली ठेवावं लागतं. जमीन वर येत असताना नाक खाली ठेवायचं, हे अंगाला पटत नाही. हात आपोआप दांडी मागे ओढायला जातो. ओढली तर वेग मरतो, पंख हवेला सोडतात आणि मग मात्र ते खरोखर दगडासारखं पडतं. आमचे शिक्षक सांगायचे, आधी विमान उडवायचं, मग जागा शोधायची, आणि त्यानंतर वेळ उरला तर बोलायचं.

मी ते केलं. नाक खाली. एका झोपडीतून धूर निघत होता, त्याच्यावरून वारा कुठला ते पाहिलं. मग शेतं. वरून भाताची खाचरं हातरुमालासारखी सपाट दिसतात, पण प्रत्येकाला बांध असतो आणि बांध आडवा आला तर पुढचं चाक मोडून विमान पालथं होतं. त्यामुळं रुंदी बघायची नाही, बांधाची दिशा बघायची. खाडीच्या मोठ्या बांधालगत एक लांब पट्टा दिसला. कापणी झालेली. भात जमिनीवर वाळत घातलेलं, फिकट पिवळं, आणि एका टोकाला वाकलेली माणसं. ती जागा धरली. एकदा धरली की बदलायची नाही, हेही शिकवलेलं होतं.

वेग दाखवणारा काटा समोर होता, पण डोळे शेतावर होते. म्हणून मी हेडफोन मानेवर ओढला आणि वेग कानानं धरला. इंजिन नसताना पंखांवरून जाणारा वारा शीळ घालतो. शीळ बारीक झाली की नाक वर गेलंय, मोठी झाली की फार खाली. ती शीळ म्हणजे त्या वेळी माझ्यापाशी असलेलं सगळं होतं.

आणि माझ्या उजव्या कानाशी दादानं शेमा म्हणायला घेतलं.

शेमा ही प्रार्थना आमच्यात सकाळ-संध्याकाळ म्हणतात. माणूस जायला लागला की त्याच्या तोंडी तेच असावं, अशी इच्छा असते. लहानपणी रात्री अंथरुणात दादानंच मला ते शिकवलं होतं. ते म्हणत असताना मध्ये थांबायचं नसतं, कोणी हाक मारली तरी. विमानात दादा ते मोठ्यानं म्हणत होता, सिनेगॉगमध्ये म्हणतो त्या आवाजात, आणि मला वारा ऐकू येईना.

मी म्हटलं, "गप्प बस."

तो थांबला. शब्दाच्या मध्ये थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढे खाली येईपर्यंत मी त्याला आणखी एकच गोष्ट सांगितली, दार उघड. टेकण्याआधी दार किंचित उघडून ठेवतात, नाहीतर धक्क्यानं चौकट वाकली तर माणूस आत अडकतो. त्यानं उघडलं. मग शीळ बदलली, बांध डाव्या हाताला उंच झाला, चाकं भातात बसली. आम्ही घसरत, उसळत गेलो. एक छोटासा आडवा बांध मला वरून दिसला नव्हता, त्यानं पुढचं चाक नेलं, आणि विमान नाक मातीत खुपसून उभं राहिलं. ओल्या मातीचा आणि पेंढ्याचा वास आत आला. तोच, जो मला चौथ्या मजल्यावर येतो.

कापणी करणारी एक बाई कोयता हातात घेऊनच धावत आली. जनाबाय नाव, हे मागाहून कळलं. तिनं आधी वाकून आत पाहिलं.

"जिते हाय ना तुमी?"

मी हो म्हटलं. मग तिनं मागे वळून आमची वाट पाहिली. तिच्या वाळत घातलेल्या भातातून एक लांबच लांब चर गेला होता.

"सगली लोकं बांधानं येतात," ती म्हणाली. "रस्ता नाय सापरला तुमाला?"

तिथं जमलेले सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. दादा बाहेर येऊन बांधावर बसला होता. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला, कुठं लागलं का विचारलं, पुन्हा विचारलं. तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं मला हळूच विचारलं, "मुका हाय काय यो?"

त्या उतरणीबद्दल मला पुढे जे काही म्हटलं गेलं, ते सगळं चांगलं होतं. शिक्षकांनी खांद्यावर हात ठेवला. कचेरीतले साहेब अजूनही नव्या माणसाशी माझी ओळख करून देताना विमानावरून सुरुवात करतात. ते लोक पाठीवर थाप मारतात तेव्हा मला जनाबायचा तो प्रश्न आठवतो.

आईनं मलिद्याचा नवस बोलला होता. संकटातून सुटका झाली, लांबचा प्रवास आला, बाळंतपण नीट पार पडलं, की आमच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं आणि खजूर. आईनं हट्ट धरला की पोहे त्याच शेतातल्या भाताचे पाहिजेत. बाबांनी समजावलं, दुकानात पोहे मिळतात. ती ऐकेना. स्वतः जनाबायकडे गेली, ज्या भातावर आम्ही उतरलो ते थोडं मागून आणलं आणि त्याचे पोहे कांडून घेतले. ते जरा लालसर होते आणि दाताखाली माती यायची. आई म्हणाली, येऊ दे, त्याच मातीनं झेललंय.

प्रार्थना झाल्यावर लोक माझ्याभोवती बसले. मी मलिद्याचं ताट पुढे ओढलं. पोहे म्हणजे शेतं, खजूर म्हणजे बांध, आणि चमचा म्हणजे विमान. चमचा तिरपा धरून मी सगळ्यांना दाखवलं की नाक खाली कसं ठेवतात आणि वारा कसा ऐकतात. मला गोष्ट सांगता येते. सगळे श्वास धरून होते. आणि मग मी म्हटलं, "तेवढ्यात आमचे बंधुराज सुरू झाले. मी म्हटलं, गप्प बस!"

घर हसलं. आईसुद्धा. दादा फळं वाटत होता, तोही हसला आणि पुढच्या माणसाला केळं दिलं.

तो हसला, म्हणून ती गोष्ट मी पुढे वीसेक वर्षं तशीच सांगितली. लग्नांत, कचेरीच्या सहलीत, मुलांच्या वाढदिवसांना. हसण्याची जागा तीच. दादा हजर असेल तर लोक त्याच्याकडे बघत आणि तो हात वर करून दाद देई.

त्या उतरणीनं मला एक सवय लावली. काही बिघडलं की मी शांत होतो. बाबा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा डॉक्टरांशी बोलणं, रक्ताची सोय, रात्रीची पाळी, सगळं मी केलं आणि नीट केलं. नातेवाईक म्हणायचे, हा होता म्हणून निभावलं. बाबांचा हात मात्र दादानं धरला होता. तो त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता आणि मी दाराशी उभा राहून सलाईन किती उरलंय ते बघत होतो. आधी विमान उडवायचं. मी उडवत राहिलो. बोलायला वेळ उरला तेव्हा बाबा नव्हते. हे मी कोणाकडून सहानुभूती मिळवायला सांगत नाही. असं झालं, एवढंच.

दादा त्या उतरणीनंतर विमानात बसला नाही. सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा कोण सारखं विमानात बसत होतं. बँकेच्या कामाला तो रेल्वेनं जायचा. मग त्याची मुलगी रिबका लग्न करून मेलबर्नला गेली. वहिनी दोनदा जाऊन आल्या. रिबकाला मुलगा झाला तेव्हाही वहिनी एकट्या गेल्या. तो मुलगा आता शाळेत जातो आणि आजोबांना फक्त फोनच्या चौकटीत ओळखतो. मागच्या वर्षी त्यानं फोनवर विचारलं होतं की आजोबांना पाय आहेत का.

वहिनी हे मला सांगताना हसत होत्या. मग म्हणाल्या, "तुझ्या दादाला नातू मोबाईलात मावतो. आता रिटायर झालाय, रजेचं कारण संपलं. गुडघ्याचं निघालंय."

दादा जाईल की नाही, हा गेली काही वर्षं त्या घरातला एकच प्रश्न आहे. बाकी सगळं त्याच्याभोवती चालतं. आणि तो का जात नाही, हे आपल्याला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. तो पडायला घाबरतो, आणि ती भीती माझ्यामुळं लागली. माझ्या डोक्यातला हिशेब इतका सोपा होता.

आमचे सण पावसाच्या शेवटी येतात. आधी नव्याचा सण, मग दरफाळणीचा. दरफाळणीला दारं लावून दिवसभर उपास करायचा आणि वर्षाचं चुकलंमाकलं मागे टाकायचं. त्यासाठी देवाआधी माणसांकडे जावं लागतं. मग हातबोशी, म्हणजे समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि नंतर आपली बोटं ओठांना लावायची. दादाशी मी ते दर वर्षी केलंय. "चुकलंमाकलं असेल तर माफ कर." "केलं. तूही कर." "केलं." आणि दोघे चहाकडे. काय चुकलं ते बोलायची पद्धत नाही असं मी समजत होतो. पद्धत तशी नाही, उलट नाव घेऊनच मागायचं असतं. मोघमपणा माझा होता.

यंदा त्याचे हात हातात असताना वरून विमान गेलं. उतरणारं. आवाज पातळ झाला. माझे हात थांबले आणि मला जाणवलं, की त्याचेही थांबलेत. दोघे तसेच उभे, दोन म्हातारे होऊ घातलेले भाऊ, एकमेकांचे हात धरून, वर कान लावून.

मी म्हटलं, "तुला गप्प बस म्हटलं होतं, त्याबद्दल."

कधी, कुठं, त्यानं विचारलं नाही. "त्यात काय माफ करायचं," तो म्हणाला. "तुला वारा ऐकायचा होता. मलिद्याच्या दिवशी चमच्यानं दाखवलंस की."

मग हात न सोडता म्हणाला, "मला वेगळंच कळत नाही. मी थांबलो कसा?"

मग तोच पुढे म्हणाला,

"सगळ्या पनवेलला मी शेमा म्हणून दाखवतो. आणि माझी वेळ आली तेव्हा धाकटा भाऊ गप्प म्हणाला, तर मी गप्प बसलो. मरताना. तुला काय वाटतं, मी पडायला भितो? इंजिनाचा आवाज परत गेला आणि मी परत तसाच गप्प बसून राहिलो तर, त्याला भितो."

इतकी वर्षं मी जी गोष्ट माझी म्हणून सांगत होतो, ती अर्धी त्याची होती आणि ती अर्धी मी कधी विचारलीच नव्हती. मी म्हटलं, एकदा जवळच कुठंतरी जाऊन येऊ. गोव्याला. सकाळी जायचं, दुसऱ्या दिवशी परत.

"गोव्याला लोक प्यायला जातात," दादा म्हणाला. "मी चहा पिऊन येईन." मग अट घातली. "तू शेजारी बसायचंस. आणि तो आवाज कमी झाला की बोलायचंस. काहीही बोल. शांतता ठेवायची नाही."

भाताच्या वासाचे दिवस होते तेव्हा आम्ही निघालो. नव्या विमानतळावर दादानं सगळ्या गोष्टींची नीट चौकशी केली, बाटली नेता येईल का, बूट काढायचे का. मी काचेतून बाहेर बघत होतो. आमचं ते शेत इथंच कुठंतरी होतं का, मला सांगता येत नाही. विमानतळासाठी टेकडी कापली, खाडीची कड सरकली, जमीन उंच केली. बांध नसेल तर खुणा कशाच्या धरणार. जनाबायच्या घरचे उलव्याकडे राहायला गेले, असं कोणाकडून तरी ऐकलं होतं. मी कधी गेलो नाही.

गोव्यात उतरताना मी बोललो. अखंड बोललो. सोसायटीची लिफ्ट, पापलेटचा भाव, कचेरीतला नवा साहेब. दादा डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. पुढच्या रांगेतल्या बाईनं दोनदा मागे वळून पाहिलं. चाकं टेकली तेव्हा माझा घसा बसला होता. आयुष्यात मी दादाशी एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो, आणि त्यातलं एकही वाक्य ठेवून देण्यासारखं नव्हतं.

तिथं आम्ही समुद्रावर गेलो, हॉटेलात सुरमई खाल्ली. वेटर कोळंबी चांगली आहे म्हणून मागे लागला होता. आम्ही खवल्यांचा मासाच खातो, हे दादानं त्याला इतक्या शांतपणे, मुळापासून समजावलं, की शेवटी तो स्वतःच बसून ऐकायला लागला. रात्री रिबकाचा फोन आला. मुलानं पडद्यावर विचारलं, आजोबा, तुम्ही कुठे आहात? दादा म्हणाला, अर्ध्या वाटेवर.

परतीच्या विमानात खिडकी दादाला दिली. पनवेल जवळ आलं तसं खाली खाडी दिसायला लागली, चिखलाच्या रेघा, मग क्रेन, मग आमच्यासारख्या इमारती. त्यांच्या मधे, मला आधी खरं वाटेना, एक पिवळा तुकडा. कापलेला. तिथंच कुठंतरी तो वास तयार होत असणार. दादाला दाखवलं. त्यानं या वेळी वाद घातला नाही.

मग इंजिनाचा आवाज पातळ झाला.

मी सुरू केलं. लिफ्टचं आणि माशांचं संपलं होतं, म्हणून जे दिसत होतं तेच सांगायला लागलो. बघ, जोर कमी केलाय त्यानं. आता नाक सांभाळतोय. विमान आता घसरतंय, आपण घसरलो होतो तसंच, प्रत्येक विमान शेवटी असंच उतरतं. वारा ऐकतोयस ना, ती सळसळ, ती आहे तोवर काळजी नाही. त्या दिवशी पण होती. मी फक्त ती ऐकत होतो, दादा, मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे मला वाटलं की दोन्ही एकदम...

"आता तू गप्प बस जरा," दादा म्हणाला.

रागानं नाही. पुढचं काम आहे, या आवाजात. त्याचे डोळे उघडे होते आणि खिडकीतून वर येणाऱ्या जमिनीवर होते. ओठ हलत होते. पहिल्यापासून म्हणत होता, की मी तोडलं होतं त्या शब्दापासून, ते मला कळलं नाही आणि मी नंतर विचारलंही नाही. आवाज मोठा नव्हता. मी माझे हात मांडीवर ठेवले आणि ऐकलं. पंखांवरून वारा जात होता आणि त्यात दादाचा आवाज होता. दोन्ही नीट ऐकू येत होते.